घाटात कॅच साइडिंग आहे, कायद्यात का नाही? पुणे परिसरातल्या चार खासदारांना खुलं पत्र

पुणे, मावळ, शिरूर आणि बारामती या चारही मतदारसंघांच्या खासदारांना,

सप्रेम नमस्कार.

पत्र चौघांना एकदम लिहितोय कारण रूळ चौघांचे आहेत. पुणे स्टेशन पुण्यात, हडपसर शिरूरमध्ये, दौंड बारामतीत, आणि पिंपरीपासून लोणावळा आणि तिथून खाली कर्जतपर्यंतचा अख्खा घाट मावळमध्ये. तुमच्यातलं कोण सत्तेत आणि कोण विरोधात याच्याशी मला या पत्रापुरतं काही देणंघेणं नाही. गाडी घसरली तर ती डब्यातल्या माणसांचा पक्ष विचारून घसरत नाही.

मी चिंचवडचा. सव्वीस वर्षं पास काढून मुंबईला अप-डाऊन केलं, बहुतेक काळ सिंहगड एक्स्प्रेसच्या पासवाल्यांच्या डब्यात. म्हणजे आयुष्यातला एवढा वेळ मी भोर घाटात काढलाय की बायको म्हणायची तुमचा पत्ता चिंचवड नको, मंकी हिल लिहा. तर त्या मंकी हिलपासूनच सुरू करतो, कारण मला जे सांगायचंय ते सगळं तिथेच आहे.

मुंबईकडे उतरताना गाडी मंकी हिलला थांबते, पुढे ठाकूरवाडीला थांबते. नवीन माणूस विचारतो, काय झालं, सिग्नल नाही का? झालेलं काहीच नसतं. घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट खाली, आणि वजनदार गाडीचा ब्रेक लागला नाही तर ती थेट खाली सुटणार. म्हणून घाटात कॅच साइडिंग आहेत. उतारावरून एक फाटा काढून उलट चढावर नेलेला असतो आणि पॉइंट, म्हणजे गाडीची लाइन बदलणारा सांधा, मुळातच त्या फाट्याकडे लावलेला असतो. गाडी आली, थांबली, म्हणजे ब्रेक शाबूत आहे हे तिने थांबून दाखवलं, की मग पॉइंट मेन लाइनला लागतो आणि गाडीला पुढे सोडतात. नाही थांबली तर ती आपोआप चढावर जाऊन अडकते. ड्रायव्हर कितीही अनुभवी असू दे, आधी थांबून दाखव, मग जा. त्यात कुणाचा अपमान नाही. ज्यांनी हे ठरवलं त्यांना माहीत होतं की माणूस चुकतो, लोखंडही चुकतं, आणि आपल्या गाडीचा ब्रेक ठीक आहे हे फक्त गाडीवाल्याच्या तोंडून ऐकून चालत नाही.

आता माझा प्रश्न एवढाच आहे की हीच अक्कल रेल्वेच्या कायद्यात का नाही?

सोपं करून सांगतो. आमच्या सोसायटीत दर वर्षी जनरल बॉडीला हिशेबावरून भांडण होतं, पण एका गोष्टीवर आजवर कुणी वाद घातला नाही, की खजिनदाराने स्वतःच्या हिशेबाचं ऑडिट स्वतः करायचं नाही. बाहेरचा ऑडिटर लागतो. लिफ्टलासुद्धा सरकारी इन्स्पेक्टर येतो, चेअरमन स्वतः लिफ्टमध्ये दोन चकरा मारून "छान चालतेय" असं लिहून देत नाही. बत्तीस फ्लॅटच्या सोसायटीला जे कळतं ते रोज दोन कोटींच्या आसपास माणसं वाहणाऱ्या रेल्वेला लागू नाही. रेल्वे सुरक्षेवरच्या अनिल काकोडकरांच्या समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये रिपोर्ट दिला त्यात हेच स्पष्ट लिहिलंय, की नियम बनवणं, गाड्या चालवणं आणि नियम पाळले जातात का ते बघणं ही तिन्ही कामं रेल्वे बोर्डाच्याच हातात आहेत. समितीने सांगितलं की कायद्याने वेगळी, स्वतंत्र रेल्वे सुरक्षा अथॉरिटी करा, आणि सुरक्षेवर पाच वर्षांत साधारण १ लाख कोटी रुपये खर्च करा. त्याच मार्चमध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदी यांनी सुरक्षेवर भर देणारं रेल्वे बजेट मांडलं, भाडं वाढवलं, आणि काही दिवसांत त्यांचं मंत्रिपद गेलं. अथॉरिटी अजून यायची आहे.

पैसे मात्र आले, ते नाकारत नाही. २०१७-१८ पासून राष्ट्रीय रेल संरक्षा कोष सुरू झाला, पाच वर्षांसाठी १ लाख कोटींचा. मग २०२२ मध्ये गाड्या घसरण्याबद्दल कॅगचा रिपोर्ट आला. त्यात म्हटलंय की या सुरक्षेच्या फंडातून काही ठिकाणी फूट मसाजर, क्रॉकरी, फर्निचर, हिवाळी जॅकेट असल्या गोष्टी घेतल्या गेल्या. फूट मसाजर! आणि त्याच रिपोर्टमध्ये हेही आहे की ट्रॅक रेकॉर्डिंग कारने जी रुळांची तपासणी व्हायला हवी होती त्यात ३० पासून १०० टक्क्यांपर्यंत तूट होती, म्हणजे काही ठिकाणी तपासणी झालीच नाही. मी हे वाचलं तेव्हा आधी हसलो आणि मग माझ्या डोळ्यासमोर घाटातला कीमन आला, पावसाळ्यात डोक्यावर पोतं घेऊन, हातात हातोडा आणि पाना, रोज मैलोन्मैल रुळातून चालत रूळ घट्ट धरणारी एकेक चावी बघणारा, गाडी आली की बाजूला होऊन कड्याला पाठ लावून उभा राहणारा. मसाजरची गरज कुणाच्या पायाला जास्त होती हे तुम्हीच ठरवा.

तुम्ही म्हणाल, कमिशनर ऑफ रेल्वे सेफ्टी आहे की. आहे. पुणेकरांना ते नाव मेट्रोमुळे चांगलं पाठ झालंय, प्रत्येक टप्प्याच्या वेळी पेपरात रोज यायचं की मेट्रोच्या सेफ्टी कमिशनरची तपासणी बाकी आहे, आता होणार, मग होणार, त्याच्या सर्टिफिकेटशिवाय प्रवासी नेता येत नाहीत. रेल्वेचंही तसंच. नवीन लाइन आधी कमिशनरने बघायची, मग प्रवासी गाडी. गंमत म्हणजे हे कमिशन रेल्वे मंत्रालयात नाही, विमानवाल्या मंत्रालयात आहे. लोक हसतात पण त्यामागे विचार होता. इंग्रजांच्या काळात हे इन्स्पेक्टर रेल्वे बोर्डाच्याच हाताखाली होते, तेव्हाच्या एका चौकशी समितीने सांगितलं की तपासणारा वेगळा हवा, आणि १९४१ मध्ये त्यांना बोर्डाच्या बाहेर काढलं. म्हणजे स्वातंत्र्याच्या आधी सहा वर्षं परकीय सरकारला हे पटलं होतं. पुढचं पाऊल टाकायला आपल्याला ऐंशी वर्षं अपुरी पडली.

कारण हा कमिशनर मंत्रालयाने वेगळा असला तरी दात नसलेला आहे. अधिकारी येतात ते रेल्वेच्याच खात्यांतून. एखादी चालू लाइन धोकादायक वाटली तर स्वतः बंद करायचा अधिकार नाही, केंद्र सरकारला रिपोर्ट पाठवायचा, बंद करायची की नाही ते सरकार ठरवणार. अपघातानंतर शिफारशी करायच्या, त्या मानायच्या की नाही ते रेल्वे ठरवणार. रेल्वे कायदा १९८९, कलम ११४ प्रमाणे प्रवासी गाडीला अपघात झाला आणि त्यात जीव गेला किंवा गंभीर जखमी झाले तर चौकशी कमिशनरकडे. हे "गाडीला अपघात" शब्द लक्षात ठेवा, त्यावर परत येतो.

आता बालासोर. २ जून २०२३, शुक्रवार संध्याकाळ. ओडिशातलं बहानगा बाजार स्टेशन. कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल, पण पॉइंट बाजूच्या लूप लाइनकडे लागलेला आणि लूपवर लोखंडाच्या खनिजाने भरलेली मालगाडी उभी. ताशी सव्वाशेच्या वर वेगाने जाऊन धडकली, डबे शेजारच्या लाइनवर उडाले आणि तिथून जाणाऱ्या हावडा गाडीच्या शेवटच्या डब्यांना लागले. २९० हून जास्त माणसं गेली. आमच्या डब्यात एक काका होते, सिग्नल खात्यातून रिटायर झालेले, कुठल्या झोनमधून ते सांगत नाही. सोमवारी सगळे त्यांच्याभोवती. ते शांतपणे म्हणाले, ड्रायव्हरची चूक नसणार, सिग्नल आणि पॉइंट एकमेकांशी खोटं बोललेत, म्हणजे कुणीतरी वायर बदललीय. आणि कमिशनरच्या चौकशीत तेच निघालं. सिग्नल सर्किटच्या वायरिंगमध्ये आधी केलेल्या बदलात चूक होती, आणि त्या दिवशी फाटकाचं बॅरियर बदलायचं काम चालू असताना ती उघडी पडली.

पण मला झोप लागली नाही ती पुढच्या गोष्टीने. त्याच खरगपूर डिव्हिजनमध्ये १६ मे २०२२ ला, म्हणजे वर्षभर आधी, बांकरानयाबाज स्टेशनवर चुकीच्या वायरिंगमुळे तसाच प्रकार झाला होता, तेव्हा कुणी मेलं नाही. रिपोर्ट म्हणतो की तेव्हाच धडा घेऊन दुरुस्ती केली असती तर बहानगा झालं नसतं. आणि ८ फेब्रुवारी २०२३ ला दक्षिण पश्चिम रेल्वेत संपर्क क्रांती एक्स्प्रेस चुकीच्या लाइनवर जाता जाता ड्रायव्हरच्या सावधपणामुळे वाचली, तिथल्या मोठ्या अधिकाऱ्याने लेखी कळवलं की सिग्नल यंत्रणेत गंभीर त्रुटी आहेत, वेळीच बघा. म्हणजे मृत्यूने दोनदा बेल वाजवली होती आणि दोन्ही वेळा दार कुणी उघडलं नाही, कारण दार उघडायची कायदेशीर जबाबदारी कुणाचीच नव्हती.

मी काकांना विचारलं, तुमच्या नोकरीत असं "थोडक्यात वाचलो" झालं की तुम्ही लिहून द्यायचात का? ते म्हणाले, सुरुवातीला दिलं एकदा, पहिला मेमो मलाच आला, की तुमच्या सेक्शनमध्ये हे झालंच कसं. नंतर आम्ही रात्रीत नीट करायचो आणि गप्प बसायचो.

हे वाक्य कृपा करून परत वाचा. रात्रीत नीट करायचो आणि गप्प बसायचो. हा माणूस कामचुकार नव्हता हो, उलट जीव तोडून काम करणारा होता. पण खरं सांगणाऱ्यालाच शिक्षा होत असेल तर अख्ख्या देशात रोज किती ठिकाणी असं रात्रीत नीट होत असेल? आणि बालासोरनंतर आपण काय केलं, तर अपघाताला दोन दिवस झाले नाहीत तोवर, कमिशनरची चौकशी धड सुरूही झाली नव्हती, सीबीआय जाहीर केली. गुन्हा असेल तर शोधा, जरूर शोधा. पण कर्मचाऱ्याला कळलं की दारात पोलीस आहे तर तो सेफ्टीवाल्याला काय सांगणार आहे? शेवटी रेल्वेचे तीन कर्मचारी अटकेत गेले. वर्षभर आधीच्या इशाऱ्यावर ज्यांनी काही केलं नाही त्यांच्यापर्यंत कुणी पोचल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता "गाडीला अपघात" या शब्दांकडे येतो.

२९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोडचा पूल, २३ माणसं चेंगरून मेली. आमच्या ऑफिसचा रस्ता तोच, त्या दिवशी मी सुट्टीवर होतो म्हणून हे पत्र लिहायला आहे. गाडीला काही झालं नव्हतं, त्यामुळे तो कलम ११४ चा अपघात नाही. चौकशी रेल्वेनेच केली आणि ठपका ठेवला पावसावर. ९ जून २०२५, मुंब्रा, वळणावर दोन लोकल शेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली. गाड्या धडधाकट. कायद्याच्या भाषेत गाडीतून पडणं ही "अनुचित घटना", नुकसानभरपाईच्या प्रकरणात बसते. रेल्वेमंत्री लोकसभेत सांगतात की मोठे अपघात २०१४-१५ मधल्या १३५ वरून २०२४-२५ मध्ये ३१ वर आले, आणि ते खरं आहे, बिनफाटकवाल्या क्रॉसिंग गेल्या, डबे चांगले आले, त्याचं श्रेय ज्यांचं त्यांना. पण असल्या आकड्यांत मुंब्र्यासारखी घटना मोजलीच जात नाही. काकोडकर समितीने लिहिलं होतं की रूळ ओलांडताना वगैरे वर्षाला साधारण १५,००० माणसं मरतात, त्यातली ६,००० च्या आसपास एकट्या मुंबई उपनगरात, आणि त्यासाठी शब्द वापरला होता कत्तल. सरकारी समितीने. जी माणसं रेल्वेच्या हद्दीत मरतात त्यातली बहुतेक रेल्वेच्या अपघातांच्या आकड्यात नाहीतच, मग त्यांच्या सुरक्षेचा हिशेब कोण कुणाकडे मागणार?

मला नेहमी विमानाचा हेवा वाटतो. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं आणि बरोबर महिन्याने, १२ जुलैला, प्राथमिक रिपोर्ट प्रत्येकाच्या मोबाइलवर होता. त्यावर भांडणं झाली, पायलटांच्या संघटना चिडल्या, तज्ज्ञ एकमेकांवर ओरडले. ओरडू देत ना, ओरडायला कागद तरी होता. तो रिपोर्ट देणारा ब्युरो कुठल्या मंत्रालयाचा? नागरी विमान वाहतूक. आणि रेल्वे सेफ्टी कमिशनर कुठल्या मंत्रालयाचा? तेच की! एकाच छताखाली दोन चौकशा, विमानाचा रिपोर्ट महिन्यात समोर आणि बालासोरचा आपल्याला कळला तो आधी बातम्यांतून तुकड्यातुकड्याने आणि मग जुलैमध्ये राज्यसभेत प्रश्न विचारला म्हणून त्याच्या उत्तरातून. प्रश्न तुमच्यासारख्याच कुणा खासदाराने विचारला म्हणून. म्हणून तर तुम्हाला लिहितोय.

परदेशाचं उदाहरण दिलं की लोक चिडतात, पण चिंचवडमध्ये प्रत्येक घरातलं एक जण अमेरिकेत असतंच, माझा भाचा ओहायोत आहे. तिथे ३ फेब्रुवारी २०२३ ला ईस्ट पॅलेस्टाइन नावाच्या गावात केमिकल नेणारी मालगाडी घसरली, चाकाचं बेअरिंग तापून जळलं होतं. विनाइल क्लोराइडच्या टाक्या फुटतील म्हणून मुद्दाम पेटवून दिल्या आणि गावावर काळा ढग. मग शेरॉड ब्राऊन आणि जे. डी. व्हान्स अशा दोन विरुद्ध पक्षांच्या सिनेटरांनी मिळून रेल्वे सेफ्टीचं बिल आणलं. तुम्हाला वाटेल एवढं झाल्यावर तरी पास झालं असेल. नाही झालं, लटकलं. पण अपघातांची चौकशी करणारा तिथला स्वतंत्र बोर्ड, एनटीएसबी, त्याने त्या गावातच जाऊन सुनावणी घेतली, गावकऱ्यांच्या समोर, आणि शेवटी सांगितलं की टाक्या पेटवायची गरजच नव्हती. कायदा अडला तरी रिपोर्ट अडला नाही. आपल्याकडे दोन्ही अडतं.

बरं, कायद्याची संधी आली नव्हती असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत आणि मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत रेल्वे सुधारणा विधेयक पास झालं. मी मोठ्या आशेने वाचायला घेतलं. १९०५ चा रेल्वे बोर्डाचा कायदा रद्द करून त्यातलं सामान १९८९ च्या कायद्यात हलवलं, बस. जुन्या कपाटातल्या साड्या नव्या कपाटात ठेवल्या. चर्चेत स्वतंत्र रेग्युलेटरचा मुद्दा आला, रेल्वे सुधारणांवरच्या बिबेक देबरॉय समितीनेही २०१५ मध्ये स्वतंत्र रेग्युलेटर सांगितला होता, पण बिलात काही नाही. आणि २०१७ पासून रेल्वे बजेटही वेगळं उरलं नाही, त्यामुळे वर्षातून एकदा तरी दिवसभर फक्त रेल्वेवर बोलणं व्हायचं तेही आटलं.

तर आता मागणं. फार नाहीये.

सेफ्टी कमिशनला कायद्याने संसदेला उत्तरदायी करा, त्याला स्वतःची माणसं आणि स्वतःचा पैसा द्या, जो रेल्वेच्याच खात्यातून आलाय तो रेल्वेबद्दल कडक कसा लिहील हा साधा प्रश्न आहे. धोका दिसला तर लाइन जागेवर थांबवायचा अधिकार द्या, रेल्वेने नंतर अपील करावं. हेच ते कॅच साइडिंग, आधी थांबून दाखव. चौकशीचा रिपोर्ट ठरलेल्या मुदतीत, समजा नव्वद दिवसांत, मराठीसकट सगळ्या भाषांत लोकांसमोर आलाच पाहिजे आणि प्रत्येक शिफारशीवर रेल्वे बोर्डाने लेखी सांगितलं पाहिजे की मान्य, किती दिवसांत करणार, किंवा अमान्य, आणि का. पूल, प्लॅटफॉर्म, दारातून पडणं हे सगळं चौकशीच्या कक्षेत घ्या, "गाडीला अपघात" हे शब्द बदला.

आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, बाकी सगळं लटकलं तरी चालेल पण हे नको, ते म्हणजे "थोडक्यात वाचलो" हे लिहून देणाऱ्याला संरक्षण. नाव गुप्त ठेवून, थेट कमिशनकडे, वरिष्ठाला वळसा घालून. जाणूनबुजून गुन्हा केला असेल तर वेगळं, पण चूक झाली आणि सांगितली तर मेमो नाही. ८ जुलै २०२५ ला तामिळनाडूत कुड्डालोरजवळ फाटकावर शाळेच्या व्हॅनला गाडीने उडवलं, तीन मुलं गेली. फाटक सिग्नलशी जोडलेलं नव्हतं, म्हणजे फाटक उघडं असलं तरी गाडीला सिग्नल मिळू शकत होता. त्यानंतर सगळीकडे कॅमेरे लावा, रेकॉर्डिंग तपासा असे आदेश सुटले. चांगलंय. पण त्या पद्धतीत धोका आहे हे तिथल्या गेटमन लोकांना आधी माहीत नव्हतं असं तुम्हाला वाटतं? त्यांना विचारायचं कुणी आणि त्यांनी सांगायचं कुणाला?

मला माहितेय, मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं खासगी विधेयक शुक्रवारी दुपारी येतं तेव्हा निम्मं सभागृह घरच्या गाडीत बसलेलं असतं, आणि आजवर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. तरी मांडा. चौघांनी मिळून मांडलंत तर बातमी होईल, सही वेगवेगळ्या पक्षांची असेल तर जास्तच होईल. विधेयक नाही जमलं तर निदान येत्या अधिवेशनात चार लेखी प्रश्न टाका: गेल्या पाच वर्षांत सेफ्टी कमिशनने किती शिफारशी केल्या, किती मानल्या, किती नाकारल्या, आणि आमच्या पुणे डिव्हिजनमधल्या किती अजून पेंडिंग आहेत. उत्तर येईल ते आम्हाला कळवा, मी झेरॉक्स काढून डब्यात लावतो.

आपला,
एक जुना पासधारक, चिंचवड

ता. क. – ते फूट मसाजर सध्या कुठल्या ऑफिसात आहेत हे कॅगच्या रिपोर्टवरून मला नीट कळलं नाही. चालू स्थितीत असतील तर लोणावळ्याच्या गँगहटमध्ये, म्हणजे रूळ बघणाऱ्यांच्या खोपटात, हलवावेत, पावसाळ्याआधी.